चष्म्याच्या काचेवरचा अदृश्य थर

प्रस्तावना

आपल्यापैकी अनेकांच्या घरी चष्मा वापरणारी एखादी तरी व्यक्ती असते. कदाचित तुम्ही स्वतःही चष्मा लावूनच हा पाठ वाचत असाल. चष्मा विकत घेताना काचेवर एक विशेष लेप घ्यायचा की नाही, असा प्रश्न दुकानात हमखास विचारला जातो. या लेपाला दुकानात ‘अँटी-ग्लेअर’ किंवा ‘अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग’ म्हणतात. मराठीत त्याला ‘परावर्तनरोधी लेप’ म्हणता येईल. हा लेप म्हणजे नेमके काय, तो काय करतो, काय करत नाही आणि त्यासाठी जादा पैसे मोजणे कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. हा एक माहितीपर वैचारिक लेख आहे. माहिती पारखून निर्णय कसा घ्यावा, हेही त्यातून आपण शिकणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
- परावर्तनरोधी लेपाचे कार्य सोप्या शब्दांत सांगता येईल;
- लेपाचे फायदे आणि मर्यादा यांची तुलना करता येईल;
- विक्रेत्याचा दावा आणि वस्तुस्थिती यांतील फरक ओळखता येईल;
- स्वतःच्या गरजेनुसार निर्णय घेऊन त्याची कारणे लिहिता येतील;
- ‘डोळा’ या शब्दावरून आलेल्या वाक्प्रचारांचा योग्य उपयोग करता येईल.

मूळपाठ

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून झालेले असतात. नंबर ठरलेला असतो. चार-पाच फ्रेमी नाकावर चढवून, आरशात पाहून एक पसंतही केलेली असते. आता निघायचे, तोच दुकानदार विचारतो, “काच साधी टाकू, की अँटी-ग्लेअर?” आपण क्षणभर गोंधळतो. ‘डोळ्यांसाठी चांगले असते’ एवढे उत्तर मिळते आणि आपण मान डोलावतो. डोळ्यांच्या बाबतीत काटकसर नको, असे मनाला वाटते. पण मान डोलावण्यापूर्वी दोन मिनिटे थांबून विचार करण्याजोगा हा प्रश्न आहे.

रात्री खोलीत दिवा लावून खिडकीच्या बंद काचेकडे पाहा. बाहेरचा अंधार दिसण्याऐवजी काचेत आपलाच चेहरा दिसतो. काच पारदर्शक असली तरी तिच्यावर पडणारा सगळा प्रकाश ती पलीकडे जाऊ देत नाही. थोडा परत पाठवते. यालाच परावर्तन म्हणतात. चष्म्याच्या काचेला पुढचा आणि मागचा असे दोन पृष्ठभाग असतात. हवेतून काचेत शिरताना आणि काचेतून हवेत बाहेर पडताना, असे दोन्ही ठिकाणी साधारण चार-चार टक्के प्रकाश परततो. म्हणजे साध्या काचेतून शंभरापैकी सुमारे ९२ भाग प्रकाश डोळ्यांपर्यंत पोहोचतो. मोठ्या नंबरासाठी जी पातळ, अधिक अपवर्तनांकाची भिंगे वापरतात, त्यांत हे नुकसान अधिक असते. १.६७ अपवर्तनांकाच्या भिंगातून सुमारे १२ टक्के प्रकाश परततो. अपवर्तनांक जेवढा जास्त, तेवढे परावर्तन जास्त, असा हा नियम आहे.

हे परावर्तन कमी करण्याची युक्ती माणसाला एका योगायोगातून सापडली. १८८६ साली लॉर्ड रॅले या इंग्लिश शास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की हवेने डागाळलेली जुनी काच नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश पलीकडे जाऊ देते. डाग पडलेली काच अधिक पारदर्शक असावी, ही गोष्ट उलटीच वाटते. पण काचेच्या पृष्ठभागावर आपोआप तयार झालेल्या पातळ थरानेच ही किमया केली होती. पुढे १९३५ मध्ये जर्मनीतील येना येथे त्साइस कंपनीचे अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पेटीत भिंगांवर असा थर मुद्दाम चढवण्याची पद्धत शोधली. १९३८ मध्ये अमेरिकेत कॅथरिन ब्लॉजेट या विदुषीने एका रेणूच्या जाडीचे थर एकावर एक, असे ४४ वेळा चढवून परावर्तन जवळजवळ नाहीसे करणारी काच तयार केली. आरंभी दुर्बिणी आणि कॅमेऱ्यांसाठी असलेले हे तंत्र कालांतराने आपल्या नाकावरच्या चष्म्यापर्यंत आले.

हा थर काम कसे करतो? प्रकाश हा लहरींच्या रूपाने प्रवास करतो. तळ्यात दोन दगड टाकले, तर दोन्हीकडून येणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात. एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला, तर तेवढ्या जागी पाणी शांत दिसते. लेप लावलेल्या काचेवरूनही दोन परावर्तने होतात. एक थराच्या वरच्या बाजूने आणि दुसरे खालच्या बाजूने. थराची जाडी अशी राखलेली असते, की परतणाऱ्या या दोन लहरी एकमेकींना मारून टाकतात. मॅग्नेशियम फ्लुओराइडचा असा थर सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा असतो. माणसाच्या केसाची जाडी त्याच्या कित्येक शेपट भरते. जो प्रकाश परतायचा, तो नष्ट होत नाही. तो काचेतून पुढे जातो. मात्र निरनिराळ्या रंगांच्या लहरींची लांबी वेगवेगळी असल्यामुळे एकच थर सर्व रंगांना पुरत नाही. म्हणून हल्ली प्लॅस्टिकच्या भिंगांवर वेगवेगळ्या ऑक्साइडांचे अनेक थर देतात. त्यांमुळे ९८ ते ९९ टक्के प्रकाश पार होतो. उरलेल्या किंचित परावर्तनामुळेच अशा काचेवर हिरवट किंवा निळसर झाक दिसते. ट्यूबलाइटखाली चष्मा तिरका धरून पाहावा. काचेत ट्यूबचे पांढरे, ठळक प्रतिबिंब दिसले तर लेप नाही. फिकट रंगीत प्रतिबिंब दिसले तर लेप आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ९२ ऐवजी ९९ भाग प्रकाश मिळाला, तर आपल्याला काय लाभ? भर दिवसा हा फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही, कारण डोळा प्रकाशाच्या याहून कितीतरी मोठ्या चढउतारांशी सहज जुळवून घेतो. खरा लाभ वेगळाच आहे. परतलेला प्रकाश काचेच्या दोन पृष्ठभागांमध्ये घुटमळतो आणि दिव्यांच्या अंधूक जोडप्रतिमा निर्माण करतो. पाठीमागून येणारा प्रकाश काचेच्या आतल्या बाजूवर आपटून डोळ्यांत शिरतो. रात्री वाहन चालवताना, दिव्यांच्या झगमगाटात संगणकावर काम करताना हे त्रासदायक ठरते. लेपामुळे या भुताटकी प्रतिमा बऱ्याच कमी होतात. जाड नंबराच्या काचेत कडेला दिसणारी वलयेही फिकी पडतात. शिवाय समोरच्या माणसाला आपले डोळे स्पष्ट दिसतात. शिक्षक, विक्रेते, कार्यालयात लोकांशी बोलणारे कर्मचारी यांच्यासाठी ही गोष्ट नगण्य नाही. डोळ्यांना डोळे भिडल्याशिवाय संवाद पुरा होत नाही.

परंतु लेपाच्या मर्यादाही तितक्याच ठळकपणे जाणून घ्यायला हव्यात. येथे घरातला एक अनुभव सांगतो. आमचे थोरले बंधू इंदूरला दुधाच्या धंद्यात होते. पहाटे तीन वाजता गाडी काढून दूध पोहोचवायला जात. पन्नाशी उलटल्यावर समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती त्यांना मोठाली तेजोवलये दिसू लागली. “दिवे अंगावर येतात रे,” असे ते मला म्हणत. चष्म्याच्या दुकानात त्यांनी हे सांगितले, तेव्हा अँटी-ग्लेअर काच घेण्याचा सल्ला मिळाला. दादांनी घेतली. आठ दिवस बरे वाटल्यासारखे झाले. पुढे त्रास होता तसाच. वर्षभर त्यांनी तो सोसला. एके पहाटे रस्त्याच्या कडेने चाललेला सायकलस्वार त्यांना अगदी जवळ येईपर्यंत दिसलाच नाही. सुदैवाने दोघेही बचावले. त्या दिवशी दादा नेत्रतज्ज्ञांकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. शस्त्रक्रिया झाली आणि वलये गेली. “काच बदलून काय होणार होतं? धुकं तर आत होतं,” हे दादांचे वाक्य माझ्या मनात कायमचे राहिले आहे.

या प्रसंगातला बोध नीट समजून घेऊ. लेप फक्त चष्म्याच्या काचेतून होणारे परावर्तन कमी करतो. समोरच्या गाडीच्या दिव्यातून थेट डोळ्यांत येणारा प्रकाश तो अडवत नाही. उलट काचेवर पडलेला प्रकाश थोडा अधिकच आत सोडतो. डोळ्याच्या आतले भिंग गढूळ झाले असेल, तर प्रकाश तेथे विखुरतो आणि त्यावर बाहेरचा कोणताही लेप उपयोगी पडत नाही. भारतात पन्नाशी ओलांडलेल्या लोकांमधील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हेच आहे आणि शस्त्रक्रियेने तो दूर करता येतो. म्हणून रात्रीचे दिवे पूर्वीपेक्षा जास्त दिपवू लागले, तर आधी डोळे तपासावेत. काचेचा विचार नंतर.

आणखी काही गैरसमज दूर केले पाहिजेत. लेपामुळे नंबर उतरत नाही किंवा वाढायचा थांबत नाही. उन्हातील अतिनील किरणांपासून संरक्षण हा काचेचा स्वतंत्र गुण आहे. तो हवा असेल तर वेगळा विचारावा. रस्त्यावरून वा पाण्यावरून परावर्तित होणारी चकाकी कमी करायला ध्रुवण करणाऱ्या काचा लागतात. तेही काम या लेपाचे नव्हे. अलीकडे ‘ब्लू कट’ म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा याच लेपाच्या जोडीने विकल्या जातात. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात १७ चाचण्यांचा अभ्यास मांडला गेला. संगणकावर काम करताना डोळ्यांना येणारा ताण अशा काचांमुळे कमी होतो, असे निदान अल्पकाळाच्या वापरात तरी त्यातून दिसले नाही. काम करताना अधूनमधून नजर दूरवर लावणे आणि पापण्यांची उघडझाप करत राहणे, हे उपाय बिनपैशाचे आहेत.

लेपाची काच सांभाळावीही लागते. साध्या काचेवर बोटाचा ठसा फारसा उठून दिसत नाही. लेपाच्या काचेवर तो लगेच दिसतो. मग आपण पदराने, धोतराच्या सोग्याने किंवा सदऱ्याच्या टोकाने काच पुसतो. कापडातील धुळीचे कण काचेवर घासले जातात आणि बारीक चरे पडतात. काच आधी साध्या पाण्याखाली धरावी, गरज वाटल्यास सौम्य साबणाचा थेंब लावावा आणि मऊ, स्वच्छ कापडाने टिपावी. उष्णतेने प्लॅस्टिकचे भिंग जेवढे प्रसरण पावते, तेवढा वरचा थर पावत नाही. त्यामुळे थराला जाळीसारख्या भेगा पडतात. म्हणून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत चष्मा ठेवू नये, तो गरम पाण्याने धुऊ नये. भट्टीजवळ, तव्यापुढे किंवा सतत धुळीत काम करणाऱ्यांच्या चष्म्यावर हा लेप फार काळ टिकत नाही.

मग लेप घ्यावा की न घ्यावा? रात्री वाहन चालवणाऱ्याने, मोठा नंबर असलेल्याने, अधिक अपवर्तनांकाचे भिंग घेणाऱ्याने आणि दिवसभर दिव्यांखाली पडद्यासमोर बसणाऱ्याने परवडत असेल तर जरूर घ्यावा. घटकाभर पोथी किंवा वर्तमानपत्र वाचण्यापुरती चाळिशी लावणाऱ्याचे साध्या काचेवर काही अडत नाही. लेप ही सोय आहे, उपचार नव्हे.

पैसे मोजकेच असतील, तर क्रम लक्षात ठेवावा. प्रथम डोळ्यांची नीट तपासणी, मग अचूक नंबर, त्यानंतर नाकाकानावर नीट बसणारी फ्रेम आणि सर्वांत शेवटी लेप. हा क्रम का, याचे उत्तर आसामच्या चहाच्या मळ्यांतून मिळते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मळा-कामगारांचे दोन गट केले होते. एका गटाला जवळचे पाहण्याचे चष्मे विनामूल्य दिले. चष्मा न मिळालेल्या गटाच्या तुलनेत या गटाची पाने खुडण्याची क्षमता सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. योग्य नंबराचा चष्मा कष्टकऱ्याच्या हाताला एवढे बळ देतो. लेपाच्या खर्चापायी चष्माच लांबणीवर टाकणे किंवा घरातील दुसऱ्या कोणाचा चष्मा राहून जाणे, हा तोट्याचा व्यवहार होय.

पुढच्या वेळी दुकानदाराने विचारले, “काच साधी टाकू, की अँटी-ग्लेअर?” तर आपणही विचारावे, “दोन्हींच्या किमतीत फरक किती? माझ्या कामाला त्याचा उपयोग कोणता? लेप किती दिवस टिकेल आणि निघाला तर काच बदलून मिळेल का?” ज्याला प्रश्न विचारता येतात, त्याचे डोळे कोणत्याही चकाकीने सहसा दिपत नाहीत.

शब्दार्थ

परावर्तन – पृष्ठभागावर आदळून प्रकाशाचे परत फिरणे
अपवर्तनांक – एखाद्या माध्यमात शिरताना प्रकाशाचा वेग किती मंदावतो, हे दाखवणारी संख्या
निर्वात – हवा काढून घेतलेली (जागा)
नॅनोमीटर – मीटरचा एक अब्जांश भाग
चाळिशी – वयाची चाळीस वर्षे. त्या सुमारास लागणारा जवळचा चष्मा
नगण्य – मोजण्याच्या योग्यतेचे नसलेले, क्षुल्लक
सोगा – धोतराचे मोकळे टोक

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडा. साध्या काचेतून शंभरापैकी सुमारे किती भाग प्रकाश पार होतो?
(अ) ५० (आ) ९२ (इ) ९९

२. चूक की बरोबर ते लिहा.
(अ) परावर्तनरोधी लेपामुळे चष्म्याचा नंबर उतरतो.
(आ) अपवर्तनांक जास्त असलेल्या भिंगावरून परावर्तन जास्त होते.

३. एका वाक्यात उत्तर लिहा. दादांच्या त्रासाचे खरे कारण कोणते होते?

चला, समजून घेऊ या

लेखकाने विषयाची मांडणी टप्प्याटप्प्याने केली आहे. आरंभी दुकानातील परिचित प्रसंग, मग खिडकीच्या काचेचे उदाहरण, त्यानंतर शास्त्रीय माहिती आणि शेवटी निर्णय, असा हा क्रम आहे. तळ्यातील लाटांच्या दृष्टान्तामुळे अवघड कल्पना सुबोध झाली आहे. दादांचा प्रसंग केवळ करमणुकीसाठी आलेला नाही. दुखण्याचे मूळ न शोधता वरवरचा उपाय केला, तर कोणता धोका संभवतो, हे त्यातून कळते. “धुकं तर आत होतं” या वाक्यात ‘धुके’ हा शब्द मोतीबिंदूसाठी आला आहे. लेखक लेपाची भलामण करत नाही आणि निंदाही करत नाही. ‘लेप ही सोय आहे, उपचार नव्हे’ हे वाक्य म्हणजे या लेखाचे सार होय.

भाषाभ्यास

(अ) ‘डोळा’ या शब्दावरून आलेले काही वाक्प्रचार पाहा.
डोळे दिपणे – तेजाने किंवा वैभवाने भारावून जाणे
डोळेझाक करणे – जाणूनबुजून दुर्लक्ष करणे
डोळ्यांत धूळ फेकणे – फसवणे
डोळ्यांत तेल घालून पाहणे – अतिशय दक्षतेने पाहणे

पाठाच्या शेवटच्या वाक्यात ‘डोळे दिपणे’ हा वाक्प्रचार शब्दशः आणि लाक्षणिक अशा दोन्ही अर्थांनी आला आहे.

(आ) ‘अपवर्तन + अंक = अपवर्तनांक’ हा स्वरसंधी आहे. येथे अ + अं = आं झाला. याचप्रमाणे ‘गुण + अंक = गुणांक’.

तुम्ही काय शिकलात

- लेप काचेवरचे परावर्तन कमी करतो. डोळ्यांतील दोष दूर करत नाही.
- रात्रीचे वाहनचालक, मोठ्या नंबराचे चष्मे वापरणारे आणि पडद्यासमोर काम करणारे यांना लेपाचा विशेष उपयोग होतो.
- उष्णता, धूळ आणि कोरडे पुसणे यांमुळे लेप खराब होतो.
- तपासणी, नंबर, फ्रेम आणि मग लेप, हा खर्चाचा योग्य क्रम आहे.

स्वाध्याय

१. लेपाच्या काचेवर हिरवट किंवा निळसर झाक का दिसते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. “काच बदलून काय होणार होतं? धुकं तर आत होतं.” या उद्गारांचा आशय सात-आठ ओळींत स्पष्ट करा.
३. आसाममधील प्रयोगाचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे?
४. तुमच्या परिचयाच्या तीन चष्मेधारक व्यक्तींची कामे विचारात घ्या. कोणाला लेप उपयुक्त ठरेल आणि कोणाला अनावश्यक, ते कारणांसह लिहा.
५. ‘डोळेझाक करणे’ आणि ‘डोळ्यांत तेल घालून पाहणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (आ) ९२
२. (अ) चूक (आ) बरोबर
३. दादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, हे त्यांच्या त्रासाचे खरे कारण होते.